खुडलेले शेंडे

पोळ्याचं तोरण अजून दारावरून उतरलं नव्हतं आणि सिंधूची गाय तोंडाला रक्त घेऊन घरी आली.

"थांब, थांब जराक," म्हणत सिंधूनं तिचा ओठ वर केला. जिभेच्या कडेला उंटकटारीचे काटे रुतले होते. तिनं ते नखांनी धरून एकेक ओढले. गाय पाय आपटत राहिली, पण मान तिनं हलवली नाही. मोतीराम, सिंधूचा नवरा, ओट्यावर बसून फवारणीच्या पंपाची नळी पुसत होता. त्यानं वर पाहिलं.

"आज बी?"

"आज बी. काल बकरीच्या थानाले, आज इच्या तोंडाले. उद्या माह्या तोंडाले."

"तुह्या तोंडाले काय व्हते," मोतीराम म्हणाला आणि पुन्हा नळी पुसू लागला.

धोंडखेड हे हिवरखेडच्या अलीकडचं गाव. गावाच्या वर, नाल्यापलीकडे, ई-क्लासची जमीन आहे. म्हणजे सरकारची, म्हणजे गावाची, म्हणजे ज्याला वावर नाही त्याची, असं सिंधू म्हणे. ज्यांना वावर होतं ते असं म्हणत नसत, पण गुरं त्यांचीही तिथंच चरत. काही वर्षांपासून तिथं उंटकटारी शिरली होती. राखाडी पानांची, अंगभर काट्यांची, जनावर तोंड लावत नाही अशी. पावसाळ्यात ती जमिनीला चिकटून पसरते, गवत दाबते, आणि दिवाळीनंतर तिला काट्यांचे गोल गेंद येतात. ते फुटले की वारा बी घेऊन जातो. गावानं ती दरवर्षी पाहिली आणि दरवर्षी सोडून दिली. सगळ्यांचं असतं ते कोणाचंच नसतं, एवढं शहाणपण धोंडखेडातही होतं.

यंदा मात्र सिंधू ग्रामसभेत उभी राहिली. वानखड्यांच्या घरातली बाई सभेत बोलते याची लोकांना आता सवय झाली होती, तरी दोघंतिघं हसलेच.

"ई-क्लासवर पाय ठेवाले जागा नाई," ती म्हणाली. "ज्याच्या घरी कुटार हाय, ढेप हाय, त्याचं चालते. माह्या बकऱ्याइनं काय खाव? काटे?"

सरपंच लीलाबाई समजूतदार होत्या. त्यांनी विचारलं, "मंग काय कराव म्हणता, सिंधूबाई?"

"आमी बायाइनं कुदळीनं खंदून पायली. मुळी ढोपरभर खाली जाते. तुटली का डबल फुटते. औषध मारा."

औषधाचं नाव निघताच किसनराव उभे राहिले. त्यांची पराटी, म्हणजे कपाशी, ई-क्लासला लागूनच होती, मध्ये फक्त एका धुऱ्याचा बांध. किसनराव साठी ओलांडलेले, कोरडे, आपल्या पिकाबद्दल कोणाचं काही न ऐकणारे.

"थे टू-फोर-डी मारसान न तुमी? गवत वाचते त्यानं, मान्य हाय मले. पण रुंद पानाचं काहीच ठेवत नाई. पराटीचं पान रुंदच हाय. वारा फिरला का माहं वावर गेलं."

तेव्हा मोतीराम बोलला. तो सभेत सहसा बोलत नसे. गावातल्या निम्म्या वावरांत फवारणी तोच करायचा. स्वतःचं वावर नाही, पण पंप पाठीला लावून चालायला लागला की त्याचा हात सारखा चाले, एक झाड कमी नाही, एक जास्त नाही. लोक त्याला बोलवायचे ते यासाठी. वाऱ्याच्या तोंडावर त्यानं कधी फवारलं नाही, म्हणून इतकी वर्षं तो धडधाकट होता.

"भाऊ, तुमच्या धुऱ्याजोळ मी मारतच नाई," तो किसनरावांना म्हणाला. "थेवढी पट्टी सोडून देतो. हातानं खंदू थे."

"कोण खंदीन?"

"मी खंदीन," सिंधू म्हणाली.

असं ठरलं. मोतीरामनं वारा पडलेला पाहून सकाळी सकाळी फवारलं. तोंडाला दुपट्टा, अंगात लांब बाह्यांचा जुना सदरा, पायात गमबूट. उंटकटारी लहान होती, पानं जमिनीवर पसरलेली, औषध बरोबर बसलं. आठवडा गेला नाही तोच ती पिळवटून पिवळी पडायला लागली आणि तिच्यामधून गवत वर आलं. गावाचा गायकी बंडू, जो सगळ्यांची गुरं चारायचा, गुरं गोळा होतात त्या आखरावर येऊन सांगू लागला की यंदा गवत पाहण्यासारखं आहे. सिंधूला कोणी शाबासकी दिली नाही, पण नळावर बायांनी तिला आधी घागर लावू दिली. तिला तेवढं पुरलं.

धुऱ्याजवळची पट्टी ती रोज सकाळी खणायची. बकऱ्या मागं चरत, आणि ही कुदळ घेऊन वाकलेली. एकेक मुळी उपटून धुऱ्यावर उलटी ठेवायची, उन्हानं मरावी म्हणून. हाताची सालं निघाली होती.

घोटाळा झाला तो फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी. आभाळ भरून आलं होतं, पाऊस मात्र पडत नव्हता. किसनराव दारात येऊन उभे राहिले.

"मोतीराम, तुडतुडे पडले. आजच्या आज मारून दे."

"भाऊ, पंपात काल ई-क्लासचं औषध होतं. दोन दिवस जाऊ द्या. चांगला धुतो, वायसर बदलतो, मंग येतो."

"दोन दिवसात तुडतुडे पराटी पिऊन टाकतीन. धू न मंग आत्ता. साबणाचा चुरा नाई काय घरी?"

"हाय."

"मंग? पाणी काय तुह्या बापाचं हाय काय नाल्यातलं? धू अन् ये."

मोतीरामनं नाल्यावर पंप धुतला. घरी आणून साबणाच्या चुऱ्यानं पुन्हा धुतला, नळीतून पाणी सोडलं, नोझल दातात धरून फुंकलं. शेवटचं पाणी सिंधूनं बादलीत घेतलं. पाणी फेकायचं तिच्या जिवावर येई. परसात तिनं भेदराची, म्हणजे टमाट्याची, चार झाडं लावली होती, त्यांच्या बुडाशी ते ओतलं. मोतीराम पंप पाठीला मारून किसनरावांच्या वावरात गेला आणि दिवस मावळायच्या आत पराटी फवारून आला. किसनराव खूश होते. त्यांनी त्याला धुऱ्यावर बसवून चहा पाजला.

*

दोनतीन दिवसांनी सिंधू भाजीला भेदरं तोडायला परसात गेली आणि तिथंच बसून राहिली. झाडांचे शेंडे वळले होते. कोवळी पानं बारीक होऊन पिळली होती, देठ वाकडे झाले होते. अशी पानं तिनं कालच पाहिली होती. ई-क्लासवर, उंटकटारीची.

"प्रियाचे बाबा," तिनं हाक मारली.

मोतीराम आला. त्यानं शेंडा बोटावर घेतला, सोडला, दुसरा घेतला.

"याले कोणतं पाणी घातलं होतं तू?"

"पंपाचं. तिसऱ्यांदा धुतलं थे."

परसाच्या कुडावरून शेजारची कोंबडी आत आली, मातीत उकरू लागली. तिसऱ्या पाण्यात एवढं, तर नळीच्या रबरात, वायसरच्या खाचेत काय उरलं असेल, हे दोघांनाही कळलं होतं. त्या नळीतून किसनरावांची पराटी फवारली गेली होती.

मोतीराम तसाच हिवरखेडला गेला. कृषी केंद्रवाला अनुप ओळखीचा होता, त्याच्याकडून तो वर्षानुवर्षं नोझल आणि वायसर घेई. त्यानं इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, एखाद्याच्या पराटीवर जराशी टू-फोर-डी उडाली तर काय करावं.

"पाच-सात दिवसांत नवी पानं भेंडीच्या पानासारखी होतात," अनुप म्हणाला. "चिरलेली, लांबट. पात्या-कळ्या गळतात. जास्त लागलं असलं तर गेलं वावर. कमी असलं तर शेंडे खुडून टाकायचे, लवकर. औषध शेंड्याकडे चढते. शेंडा काढला की झाड बाजूनं फुटते, बोंडं उशिरा येतात पण येतात."

"किती लवकर?"

"पानं वळायच्या आत खुडले तर उत्तम. कोणाच्या वावरात झालं?"

"अकोटकडे. साळ्याच्या."

"साळा जागेवर आहे ना? सांग त्याला, बसून राहू नको म्हणा."

मोतीराम एसटीनं परत आला तेव्हा सिंधू ओट्यावर वाट पाहत होती. त्यानं सगळं सांगितलं आणि पायातली चप्पल न काढता म्हणाला, "जातो. किसनभाऊले सांगून देतो."

"बसा."

"सिंधू, शेंडे आत्ता खुडले त वाचते पराटी."

"अन् आपलं काय वाचते? उद्या गावात एक माणूस तुमाले वावरात पाय ठेवू देईन काय? मोत्यानं पराटी मारली, झालं. पोरगी अचलपुरात शिकून राहिली. माह्या बकऱ्याइच्या दुधावर शिकीन काय थे? अन् घाई त्याहिनंच केली. तुमी म्हटलं नोतं काय, दोन दिवस थांबा?"

"म्हटलं होतं. पण पंप माहा होता."

यावर सिंधूला राग आला. ती आत गेली, भांडी आपटली, पीठ मळायला घेतलं आणि मध्येच हात थांबवला. मग तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली.

"सगळ्या वावराले लागलं असीन काय?"

मोतीराम विचार करून म्हणाला, "नाई. पैल्या पैल्या पंपाइले जास्त. नंतर नळी आपोआप धुतल्या जाते. धुऱ्याकडून सुरू केलं होतं म्या. थिकडले तास, पैल्या काही ओळी."

"मंग थेच खुडू."

"कोणी?"

"आपण. सकाळी. मी त रोज तिथंच हाय, पट्टी खंदत. मले कोण विचारते?"

*

दुसऱ्या दिवसापासून दोघं झुंजूमुंजू होताच निघू लागले. सिंधूच्या खांद्यावर कुदळ, मागं बकऱ्या. मोतीराम नाल्यानं वळसा घालून येई आणि धुऱ्यावरून वाकून पराटीत शिरे. पराटी कमरेच्या वर होती, मध्ये मध्ये तुरीचे तास. तो बसल्यासारखा चाले. डाव्या हातानं फांदी धरायची, उजव्या हाताच्या नखानं शेंडा मोडायचा, खिशात टाकायचा. खिसा भरला की धुऱ्यावर सिंधूच्या पुढं रिकामा करायचा. ती ते शेंडे उंटकटारीच्या ढिगाखाली दाबून टाकी. किसनराव अंघोळ, पूजा, चहा झाल्याशिवाय वावरात येत नसत. त्याआधी हे दोघं घरी पोचलेले असत.

कोणाचं चोरून नेणारी माणसं पुष्कळ. चोरून कोणाचं वाचवायला निघालेली ही जोडी गावात पहिलीच असावी, आणि भीती मात्र चोराइतकीच. टिटवी ओरडली तरी मोतीराम तासात आडवा होई. दव अंगावर पडून सदरा भिजे, तुडतुड्यांचं औषध ताजं होतं, त्याचा वास नाकात जाई. सिंधूला बाहेर बसून राहणं जास्त जड जात होतं. ती एक मुळी खणायची, रस्त्याकडे पाहायची, पुन्हा तीच मुळी खणायची. काही झाडांची वरची पानं जराशी आखडली होती. ती ते मोतीरामला विचारत नसे आणि तोही सांगत नसे.

दिवसा त्याला चैन पडेना. लोक फवारणीला बोलवायला येत होते, तो पाठ धरली म्हणून सांगे. पंपाची नळी त्यानं नवी आणली, वायसर सगळे बदलले, पंप उलटा करून उन्हात ठेवला, आणि तरी तो खांद्याला लावायला हात होईना. जेवताना नखांकडे पाहत बसे. शेंड्यांच्या रसानं ती काळी झाली होती आणि घासून निघत नव्हती.

वर्षावासाचे दिवस होते. संध्याकाळी विहारात वाचन असे, सिंधू नेमानं जाई. एका संध्याकाळी सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं शील आलं आणि तिची जीभ टाळूला चिकटली. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. सिंधूनं खोकल्यासारखं केलं आणि पुढचं शील मोठ्यानं म्हटलं. आपण खोटं बोललो कुठं, असं तिनं स्वतःला बजावलं. आपल्याला अजून कोणी विचारलंच नाही.

दुसऱ्या सकाळी विचारलं.

त्या दिवशी बंडू गुरं घेऊन लवकर निघाला होता. त्याला धुऱ्यावर सिंधू दिसली, आणि तिच्या दोन बकऱ्या पराटीच्या कडेला उभ्या दिसल्या. वर पाहतो तर धुऱ्याकडचे तासच्या तास शेंडे मोडलेले. मोतीराम तेव्हा तुरीत पोटावर पडला होता, तो बंडूला दिसला नाही. बंडू गुरं तशीच सोडून गावात गेला. रस्त्यावर माणसांची ये-जा सुरू झाली होती, त्यामुळे मोतीरामला तासातून उठता येईना. किसनराव आले ते अर्धी दाढी केलेले, गालावर साबण तसाच.

ते तासातून चालत गेले. थांबले. एक शेंडा पाहिला, दुसरा पाहिला. मोतीराम त्यांच्यापासून चार तासांवर श्वास धरून पडला होता. त्याच्या गालाखालून मुंग्यांची रांग चालली होती आणि त्याला ती झटकता येत नव्हती.

"हे काय हाय, सिंधूबाई?"

सिंधू कुदळीवर हात ठेवून उभी होती. तिच्या मनात काय आलं ते नंतर तिलाही नीट सांगता आलं नाही. मोठ्या खड्ड्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला बाजूला लहान खड्डा दिसला, एवढंच.

"बकऱ्याइनं खाल्लं, किसनभाऊ," ती म्हणाली. "माहं लक्ष नोतं."

"बकऱ्याइनं."

"व्हय."

"एवढ्या तासाचं?"

"चार-पाच दिवसांपासून घुसून राहिल्या असतीन. मी खाली मान घालून खंदत होती."

किसनरावांनी बंडूकडे वळून सांगितलं, "टाक कोंडवाड्यात."

*

बकऱ्या गावातून हाकत नेल्या तेव्हा सिंधू त्यांच्या मागं चालत होती. लोक ओट्यावरून पाहत होते. नळावरच्या बाया बाजूला झाल्या, पण या वेळी घागर लावायला नाही.

"ई-क्लास साफ करायले निंगाली होती न वो?" एक जण म्हणाला. "साफ त किसनरावचं वावर केलं."

कोंडवाड्याच्या फाटकाशी बकऱ्या तिच्याकडे पाहून ओरडत होत्या. काही केलं नव्हतं बिचाऱ्यांनी. थानं भरली होती, आणि फाटकाच्या आत हात घालून तिला त्यांचं दूध काढावं लागलं, लोकांच्या देखत, गुडघ्यावर बसून. दंड भरून तिनं त्या सोडवल्या, पण तेवढ्यावर भागलं नाही. पंचायतीत किसनरावांच्या भावकीतले लोक जमले आणि लीलाबाईंना निर्णय द्यावा लागला. सिंधूबाईच्या बकऱ्यांना दिवाळीपर्यंत ई-क्लासवर बंदी.

"मले बी बरं वाटून नाई राहिलं," लीलाबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. "पण नियम सगळ्याइले सारखा."

घरी आल्यावर मोतीराम भिंतीला टेकून बसला होता. सिंधूनं बकऱ्या खुंट्याला बांधल्या.

"उठा," ती म्हणाली. "विळा घ्या. याइले गवत कापून आणावं लागते आता. थे बी दुसऱ्याच्या धुऱ्यावरून, विचारून."

"मी सांगतो, सिंधू. माह्याच्यानं नाई व्हत."

"आता सांगसान त मी खोटी पडीन. गावासमोर बोलली मी." आणि मग ती रडली. ई-क्लासवर तिच्या मागण्यानं गवत वर आलं होतं, गुडघ्याइतकं, आणि त्यात तिची बकरी पाय ठेवू शकत नव्हती. याचं तिला इतकं वाईट वाटलं की गाईच्या पाठीवर डोकं ठेवून ती किती तरी वेळ तशीच उभी राहिली.

सकाळी जायचं बंद झालं. धुऱ्याकडचे तास निम्मेच खुडून झाले होते. निम्मे राहिले होते. मोतीराम रोज नाल्यापर्यंत जाई, पराटीकडे लांबून पाही आणि परत येई. लांबून काही दिसत नसे. दिसत नसे म्हणून तो पुन्हा जाई. झोपेत त्याचं बोट आणि अंगठा हलायचा.

मग पाऊस पडला, उघडला, ऊन पडलं, आणि पराटी वाढीला लागली. गावात बोलणं सुरू झालं की किसनरावच्या वावरात काही तरी रोग आला आहे. धुऱ्याजवळच्या काही तासांची पानं भेंडीसारखी झाली आहेत. कोणी म्हणे बियाणं खोटं, कोणी म्हणे ई-क्लासवरून औषध उडून आलं. मोतीरामनं हे नळावर ऐकलं आणि घागर तिथंच ठेवून घरी आला.

त्याच संध्याकाळी किसनराव आले. ओट्याशी थांबले, आत आले नाहीत. त्यांच्या हातात पराटीच्या दोन डहाळ्या होत्या. त्या त्यांनी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीची पानं चिरलेली, लांबट, शेंडा वाकडा. दुसरीला शेंडा नव्हता, पण बाजूनं दोन कोवळे फुटवे आले होते, पानं चांगली पंज्याएवढी, आणि पातीची एक कळी.

"हे पाय सिंधूबाई," ते म्हणाले. "हे बकरीनं खाल्लेलं झाड. अन् हे न खाल्लेलं."

सिंधूच्या हातात परात होती. ती तिनं खाली ठेवली.

"लय शिस्तीच्या बकऱ्या हाय तुह्या. तास सोडत नाई, झाड सोडत नाई. पान एक खात नाई, शेंडा तेवढा नेमका. अन् मोडते बी नखानं."

मोतीराम उठून उभा राहिला. "भाऊ, म्या तुमाले..."

"तू बोलू नोको." किसनरावांचा आवाज चढला नाही. "तू सांगशीन त मले आयकाव लागीन. आयकलं का चार माणसात बोलाव लागीन. पंचायत, भावकी, सगळं. अन् मंग मले बी कोणी तरी इचारीन का पंप कोणं मागतला होता, दोन दिवस थांबा म्हटलं असताना." त्यांनी वाकड्या शेंड्याची डहाळी उलटी केली. "त्या दिवशी तासात तुह्या पायाचे निशान दिसले होते मले. गमबुटाचे. माह्या वावरात गमबूट दुसरं कोण घालते? पण थ्या शेंड्याचं गणित मले जुळेना. आज जुळलं."

गाय रवंथ करत होती.

"उद्या सकाळी बकऱ्या घेऊन ये, सिंधूबाई. राहिले थे तास खाऊन टाक. उशीर झाला, पण जेवढं वाचीन थेवढं."

"बकऱ्याइले त बंदी हाय, किसनभाऊ. दिवाळीलोक."

"ई-क्लासवर हाय बंदी. माह्या वावरात मले कोण बंदी करते?" ते वळले. अंगणाच्या टोकाशी जाऊन थांबले. "मोतीराम, तू बी येजो."

"येतो भाऊ."

"पंप नोको आणू."

"नाई आणत. उद्या पंपाचं कामच नाई."

"उद्या नाई म्हणत मी," किसनराव म्हणाले आणि निघून गेले.

मोतीराम त्या दोन डहाळ्या हातात घेऊन बसला. मग उठला, उन्हात उलटा ठेवलेला पंप उचलला, त्याचे पट्टे गुंडाळले आणि आतल्या खोलीत कणगीच्या मागं नेऊन ठेवला. सिंधूनं ते पाहिलं. एका वावरातून पंप गेला की बाकीच्या वावरांतून तो जायला किती दिवस लागतात, हे तिला माहीत होतं.

सकाळी दोघं सरळ रस्त्यानं गेले. ऊन वर आलं होतं. बकऱ्या धुऱ्यावरच्या बाभळीला बांधल्या. त्या पलीकडच्या गवताकडे तोंड करून ओरडत राहिल्या. सिंधूनं पदर खोचला आणि मोतीरामच्या शेजारच्या तासात शिरली. आता वाकायचं कारण नव्हतं, तरी तो पहिले काही हात सवयीनं वाकूनच चालला. सिंधूनं त्याच्या पाठीत कोपर मारलं, तेव्हा सरळ झाला. शेंडा धरायचा, मोडायचा, खाली टाकायचा. वळलेली पानं हातात कडक लागत होती.

ई-क्लासवरून बंडू गावाची गुरं घेऊन चालला होता. गवतात गुरांचे पाय दिसत नव्हते. त्यानं बांधलेल्या बकऱ्या पाहिल्या, पराटीत उभी असलेली दोन माणसं पाहिली आणि त्याची काठी थांबली.

"काय करून राहिले वो, सिंधूबाई?"

सिंधूनं हातातला शेंडा मोडला.

"चरून राहिलो," ती म्हणाली, आणि पुढच्या झाडाला हात घातला.